नवजात बालकाची निजण्याची जागा : पाळण्याची निवड आणि सुरक्षितता

प्रसूतीनंतर माता व बालक घरी जाण्यास निघतात, तेव्हा बाळाला काय पाजावे, न्हाऊ केव्हा घालावे, पुढील लस कधी टोचावी, असे अनेक प्रश्न कुटुंबातील मंडळी आवर्जून विचारतात. बाळाला रात्री निजवावे कोठे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक पाहता नवजात बालक दिवसाच्या चोवीस तासांपैकी चौदा ते सतरा तास झोपेतच असते. ज्या जागी त्याचा एवढा काळ जातो, ती जागा त्याच्या आहाराइतकीच महत्त्वाची आहे. सबब यंदाच्या अहवालातील आरोग्यविषयक लेखासाठी आम्ही हा विषय निवडला आहे.

नमुना नोंदणी पाहणीनुसार सन २०२० मध्ये महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे १६ बालके वर्षाच्या आत दगावली. त्यांपैकी ११ बालके पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच गेली. संपूर्ण देशासाठी हेच आकडे अनुक्रमे २८ व २० असे होते. म्हणजे पहिल्या वर्षातील एकूण धोक्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग पहिल्या महिन्यात एकवटलेला आहे. मुदतपूर्व जन्म, कमी वजन, जन्मवेळचा श्वासावरोध व जंतुसंसर्ग ही या मृत्यूंची प्रमुख कारणे होत. निजण्याची जागा बदलल्याने ही सर्व कारणे दूर होतील, असे आमचे म्हणणे नाही. तथापि बाळाचा श्वास मोकळा राहणे, त्याला ऊब मिळणे आणि वेळेवर दूध मिळणे या तिन्ही गोष्टी त्या जागेवर अवलंबून आहेत, आणि ती जागा निवडणे सर्वस्वी कुटुंबाच्या हाती आहे.

आमचे सांगणे थोडक्यात असे : बाळ आईच्याच खोलीत, तिचा हात पोहोचेल इतक्या अंतरावर, परंतु स्वतःच्या वेगळ्या, सपाट, कडक आणि रिकाम्या अंथरुणावर, उताणे निजवावे. पुढील विवेचन या एका वाक्याचाच विस्तार आहे.

१. आपल्याकडील प्रचलित पद्धती

तिवसा तालुक्यातील घरांत नवजात बालक साधारणतः चार ठिकाणी निजते : आईजवळ बाजेवर, आईजवळ जमिनीवरील अंथरुणात, साडीच्या झोळीत, किंवा टांगलेल्या लाकडी पाळण्यात. या प्रत्येक पद्धतीमागे काही शहाणपण आहे. बाळ आईजवळ असावे, ते हवेशीर जागी असावे, मुंगी-विंचवापासून दूर असावे, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. प्रत्येकीतील उणीव मात्र नीट समजून घेतली पाहिजे.

बाज सुंभाची असो वा नवारीची, ती मध्यभागी खोलगट होते. आई कुशीवर वळली की तिच्या वजनाने उतार तयार होतो आणि शेजारचे बाळ त्या उतारावरून तिच्या अंगाखाली घरंगळते. नवजात बालकाला मान उचलून तोंड मोकळे करता येत नाही. दिवसभराच्या शिणाने अथवा शस्त्रक्रियेनंतरच्या औषधांच्या गुंगीने आई गाढ झोपलेली असेल, तर ही गोष्ट तिच्या लक्षातही येत नाही. त्याच अंथरुणात मोठे भावंड झोपत असेल, अथवा शेजारी निजणारी व्यक्ती मद्यपान वा धूम्रपान करणारी असेल, तर धोका आणखी वाढतो.

जमिनीवरील अंथरुणात बाळ खाली पडण्याचे भय नाही. परंतु पावसाळ्यात आपल्या भागात मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसालाच होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. शिवाय थंडीत फरशीचा गारवा थेट बाळाच्या अंगात उतरतो.

झोळीत बाळ लवकर शांत होते, हे खरे. कापूस वेचणीच्या वा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत धुऱ्यावरील झाडाला बांधलेली झोळी हीच कष्टकरी मातेची सोय असते, याचीही आम्हांस जाणीव आहे. परंतु झोळीत बाळाचे अंग धनुष्याप्रमाणे वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनलिका दबते. असे बाळ रडत नाही, हातपायही झाडत नाही. त्यामुळे ते गाढ झोपले आहे, असाच पाहणाऱ्याचा समज होतो. म्हणून झोळी ही कोणीतरी डोळ्यांसमोर असतानाच, थोड्या वेळापुरती वापरावी. बाळाला झोप लागताच त्याला सपाट जागी ठेवावे. घरातील मोठ्या मुलांना झोळीच्या साडीत गोल गोल फिरण्याचा खेळ खेळू देऊ नये. साडीचा पीळ गळ्याभोवती बसण्यास क्षणही पुरतो.

टांगता लाकडी पाळणा हा बारशाचा मान आहे आणि तो तसाच राहावा. बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालावे, गाणी म्हणावीत, नाव ठेवावे. मात्र रात्रीच्या एकट्या झोपेसाठी तो वापरावयाचा असल्यास त्याचा तळ स्थिर असताना पूर्णपणे सपाट राहतो का, कड्या व आकडे झिजलेले नाहीत ना, झोका भिंतीला आपटत नाही ना, हे पाहिले पाहिजे. बाळाच्या तोंडावर लोंबणारे पोपट, झुंबरे, मण्यांच्या माळा रात्री काढून ठेवाव्यात.

२. उताणेच का निजवावे ?

आमच्या अनुभवास आलेली सर्वांत मोठी शंका आजीबाईंची असते : बाळ उताणे निजवले आणि दूध उलटले, तर ते श्वासनलिकेत जाणार नाही काय ? शंका स्वाभाविक आहे. परंतु शरीररचना तिचे उत्तर देते. बाळ उताणे असताना श्वासनलिका वरच्या बाजूस व अन्ननलिका खालच्या बाजूस असते. उलटलेले दूध श्वासनलिकेत जाण्यासाठी त्याला वर चढावे लागेल. बाळ पालथे असताना हीच स्थिती उलट होते. कुशीवर निजवलेले बाळ सहज पालथे होऊ शकते, म्हणून तीही रीत टाळावी.

पाश्चात्त्य देशांत एके काळी बाळांना पालथे निजवण्याचा सल्ला दिला जात असे. झोपेत अकस्मात दगावणाऱ्या बालकांचा अभ्यास झाल्यावर तो सल्ला चुकीचा असल्याचे दिसून आले. १९९१ मध्ये ब्रिटन व न्यूझीलंड येथे आणि १९९४ मध्ये अमेरिकेत बाळांना उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली. अमेरिकेत पुढील दशकभरात अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. या बदलासाठी कोणतेही औषध वा यंत्र लागले नाही. आपल्या खेड्यापाड्यांत घरी झोपेत गेलेल्या बाळाचे शवविच्छेदन क्वचितच होते, त्यामुळे नेमके कारण बहुधा अज्ञातच राहते. म्हणून तर ही खबरदारी आपण अधिक घेतली पाहिजे.

बाळ जागे असताना, आपल्या देखत, त्याला थोडा वेळ पालथे अवश्य ठेवावे. त्याने मान व खांदे बळकट होतात, तसेच डोक्याची मागची बाजू चपटी होत नाही. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी ठेवण्याचा प्रघात आहे. तो सोडून द्यावा. नवजात बालकाला कोणतीच उशी लागत नाही.

३. खाटेशेजारचा पाळणा निवडताना

अलीकडे अमरावतीच्या बाजारात आईच्या पलंगाला लावून ठेवावयाचे छोटे पाळणे मिळू लागले आहेत. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या मातेला उठताना, वाकताना टाक्यांवर ताण येतो. अशा मातेला बाळ हाताशी असणे मोठी सोय ठरते. रात्रीचे स्तनपान सुकर होते आणि दूध पाजून झाल्यावर बाळाला पुन्हा त्याच्या जागी ठेवण्याचा कंटाळा होत नाही. मात्र विकत घेताना रंग व झालर न पाहता पुढील गोष्टी पाहाव्यात.

सपाटपणा : तळ आडवा, सरळ व कडक असावा. डोक्याकडील बाजू उंच केलेली नसावी. दहा अंशांहून अधिक उतार असलेली बाळांची निजण्याची साधने, तसेच पाळण्याच्या कडेने बांधावयाच्या कापसाच्या गाद्या, या दोहोंवर अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे अशा वस्तू दुकानांत दिसतात. विक्रीस आहे म्हणून ती वस्तू सुरक्षित आहे, असे मानू नये.

गजांतील अंतर : दोन गजांमधील फट सहा सेंटीमीटरहून कमी असावी. मोजपट्टी हाताशी नसेल तर मोठ्या माणसाची तीन बोटे जुळवून पाहावीत. ती घालूनही फटीत जागा उरत असेल, तर तो पाळणा घेऊ नये. रुंद फटीतून बाळाचे धड खाली सरकते आणि डोके अडकते.

गादी : आपला वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. लेकीच्या बाळासाठी नवा कापूस पिंजून मऊ लुसलुशीत गादी करण्यात माहेरची माया असते. परंतु येथे मऊपणा हाच दोष आहे. मऊ गादीत डोके रुतते आणि सोडलेलाच श्वास बाळ पुन्हा घेऊ लागते. गादी घट्ट भरलेली, पातळ, समतल असावी. तळहाताने दाबून हात उचलताच खड्डा तत्काळ नाहीसा झाला पाहिजे. गादी व पाळण्याची कड यांमध्ये दोन बोटे शिरतील इतकीही फट नसावी. एकावर दुसरी गादी घालू नये. चादर ताणून खाली खोचावी.

जोडणी : एक बाजू उघडी असलेला पाळणा पलंगाला पट्ट्याने पक्का बांधता आला पाहिजे, दोन्ही गाद्या एकाच पातळीत याव्यात आणि मध्ये फट राहू नये. असा पाळणा सपाट लाकडी वा लोखंडी पलंगालाच जुळतो. बाज खोलगट व हलती असल्याने तिला तो कधीही बांधू नये. ज्या घरी बाज आहे, तेथे चारही बाजू बंद असलेला, स्वतःच्या पायांवर उभा राहणारा पाळणाच बाजेशेजारी ठेवावा.

मजबुती : पाय रुंद बैठकीचे असावेत, चाके असल्यास ती अडवण्याची कळ असावी. खिळे, धारदार कडा, सुटणारा रंग नसावा. जुना पाळणा नात्यात फिरत येतो, त्याचे सांधे हलवून पाहावेत. अमेरिकेत एक बाजू खाली-वर सरकणाऱ्या मोठ्या पाळण्यांच्या सैल झालेल्या बाजूंत अडकून अनेक बालके दगावल्याने २०११ पासून त्यांची विक्री बंद करण्यात आली.

रिकामेपणा : पाळण्यात बाळाखेरीज काहीही नसावे. उशी, लोड, गोधडी, खेळणी, दुपट्यांच्या घड्या बाहेर ठेवाव्यात. गळ्यातील काळा दोरा, ताईत आणि हनुवटीखाली नाडी बांधावयाचे टोपडे झोपेच्या वेळी काढावे. दृष्ट लागू नये म्हणून दोरा बांधावयाचाच असेल, तर तो गळ्यात बांधू नये, आणि त्यात मणी वा पदक नसावे.

मर्यादा : बाळ हातांवर व गुडघ्यांवर जोर देऊन उठू लागले, म्हणजे साधारणतः पाचव्या महिन्यापासून, हा छोटा पाळणा बंद करून उंच कडांचा मोठा पाळणा वापरावा.

४. ऋतुमान, शेगडी आणि मच्छरदाणी

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलाच गारठा पडतो. पाळणा कोठे ठेवावयाचा, हे ऋतूनुसार ठरवावे. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली वा पश्चिमेच्या भिंतीलगत तो नसावा. कूलरचा झोत थेट बाळावर येऊ देऊ नये. तोंड दुसरीकडे वळवून खोली गार करावी. बाळाला एक सुती झबले पुरते. मान व पाठ घामेजली असेल, तर कपडे जास्त झाले आहेत असे समजावे.

हिवाळ्यात जड गोधडीऐवजी अंगाबरोबर बसणारे कपड्यांचे दोन-तीन थर घालावेत. हाताच्या उलट्या बाजूने बाळाचे पोट व तळपाय पाहावेत. पोट उबदार पण तळपाय गार असतील, तर ऊब कमी पडते आहे. पोटही गार लागल्यास बाळाला तत्काळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरावे आणि दवाखाना गाठावा. दुपट्यात गुंडाळावयाचे झाल्यास कमरेखाली सैल ठेवावे, जेणेकरून पाय हलतील. आणि बाळ कूस बदलू लागताच गुंडाळणे बंद करावे.

बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देण्याची आपली जुनी रीत आहे. बंद खोलीत निखाऱ्यांपासून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेली माणसे झोपेतच बेशुद्ध होतात. शेक घ्यावयाचाच असेल, तर दिवसा, दार-खिडकी उघडी ठेवून, बाळ दुसऱ्या खोलीत असताना घ्यावा. निजताना शेगडी घराबाहेर असलीच पाहिजे. धुरीलाही हाच नियम लागू आहे.

मच्छरदाणी अवश्य वापरावी. ती पाळण्याच्या वर उंच ताणलेली व चोहोबाजूंनी खोचलेली असावी, तोंडावर सैल पडणारी नसावी. मुंग्यांसाठी पाळण्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. मात्र पाय त्यांत स्थिर बसले पाहिजेत आणि पाणी रोज बदलले पाहिजे.

५. कमी वजनाचे बाळ : पाळण्याआधी आईची छाती

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या बाबतीत वेगळा विचार करावा लागतो. अशा बाळाची पहिली जागा पाळणा नसून आईची छाती ही होय. १९७८ मध्ये कोलंबिया देशातील बोगोटा शहरात उष्णपेट्यांची टंचाई असताना तेथील डॉक्टरांनी बाळांना मातेच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून उभे बांधण्यास आरंभ केला. हीच ‘कांगारू’ पद्धत. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय सहभागी होते. एक किलो ते सुमारे पावणेदोन किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच ही ऊब दिल्यास पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू चतुर्थांशाने घटतात, असे त्यात आढळले.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. कांगारू पद्धतीत आई टेकून बसलेली वा उताराने रेललेली असते, बाळ तिच्या छातीवर उभे व कापडाने पक्के बांधलेले असते, त्याची मान एका बाजूस वळवलेली व नाक मोकळे असते. आईशेजारी पांघरुणात आडवे निजवणे म्हणजे कांगारू पद्धत नव्हे. आई थकली, तर वडील वा आजी ही जबाबदारी घेऊ शकतात.

६. अल्प खर्चात काय करता येईल ?

सुरक्षितता किमतीवर अवलंबून नाही. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरजू मातांना, आणि १९४९ पासून सर्वच मातांना, बाळाच्या कपड्यांनी भरलेली पुठ्ठ्याची पेटी सरकारकडून दिली जाऊ लागली. तळाशी छोटी कडक गादी असलेली ती पेटी अनेक बालकांची पहिली निजण्याची जागा ठरली. न्यूझीलंडमधील माओरी समाजात बाळ आईजवळच निजावे अशी रीत आहे. तेथील आरोग्य कार्यकर्त्यांनी ती मोडण्याचा आग्रह न धरता, गवतपातीच्या विणलेल्या सपाट तळाच्या टोपल्या प्रचारात आणल्या. बाळ आईजवळ राहिले, पण स्वतःच्या जागेत.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. गावचा सुतार सुमारे तीन फूट लांब, दीड फूट रुंद, सपाट फळीच्या तळाचा, जवळजवळ गजांचा, चार भक्कम पायांचा पाळणा सहज करून देईल. त्याला वर दिलेली मापे तेवढी सांगावीत. तेही शक्य नसल्यास आईने जमिनीपासून उंच, सपाट लाकडी दिवाणावर निजावे, बाजूला उशा-गोधड्या ठेवू नयेत, आणि बाळाला भिंतीच्या फटीकडे न ठेवता आपल्या बाजूस, स्वतःच्या पांघरुणाबाहेर उताणे निजवावे. हा उपाय दुय्यम आहे, पण बाजेपेक्षा बरा आहे. कमी वजनाच्या अथवा मुदतपूर्व जन्मलेल्या बाळासाठी मात्र तोही वापरू नये.

७. घरची मंडळी आणि आशाताई

पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. रात्री बाळ कोठे निजणार, हे आई एकटी ठरवीत नाही. आजी, मावशी, आत्या ठरवतात. सबब हा सल्ला केवळ मातेला देऊन भागत नाही. घरी जाण्यापूर्वी आजीबाईंनाही शेजारी बसवून सांगितला पाहिजे, असे आमचे मत आहे.

सामान्य माणसांच्या हातून केवढे काम होते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. नवजात मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. त्या आल्या की केवळ वजन करून घेऊ नये. बाळाची निजण्याची जागाही त्यांना दाखवावी.

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये : बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडले वा तापले, मिनिटाला साठाहून अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, झटके, मलूलपणा, तळहात-तळपाय पिवळे होणे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि येईपर्यंत बाळाला छातीशी ऊब देत राहावे.

समारोप

वाचकहो, रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात. बाळ उताणे आहे ना ? गादी सपाट व कडक आहे ना ? पाळण्यात बाळाखेरीज काही नाही ना ? शेगडी बाहेर आहे ना ? आईचा हात बाळापर्यंत पोहोचतो ना ? या पाचही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तर तो पाळणा सागवानी आहे की बाभळीचा, विकतचा आहे की मागून आणलेला, याला काहीच महत्त्व नाही. आपल्या नात्यात, शेजारी वा गावात ज्या घरी पाळणा हलणार असेल, त्या घरापर्यंत ही माहिती पोहोचवावी, अशी सर्व हितचिंतकांस आमची नम्र विनंती आहे.